आम्ही किती आहोत, ते आधी मोजा

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, भारत सरकार,
तसेच
माननीय महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांची देशपातळीवर मोजणी व कायमची नोंदणी

सविनय नमस्कार.

भारतात अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या आजारांचे रुग्ण किती, असे विचारले तर आज निदान तीन उत्तरे मिळतात. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जागतिक अभ्यासाचा २०१९ सालचा अंदाज आहे सुमारे पावणेतीन लाख. आपल्याच देशातल्या पोटविकारतज्ज्ञांनी २०१७ साली लिहिलेल्या आढाव्यात हाच आकडा १४ लाख आहे, म्हणजे जगात अमेरिकेच्या खालोखाल. आणि पंजाबातल्या एका पाहणीत आढळलेले प्रमाण २०११च्या जनगणनेतल्या १२१ कोटींना लावले, तर नुसत्या कोलायटिसचेच पाच लाख छत्तीस हजार रुग्ण निघतात. क्रोन्स त्यात धरलेलाच नाही.

पावणेतीन लाख आणि चौदा लाख यांत पाच पटींचे अंतर आहे. क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या बाबतीत एवढे अंतर आपण चालवून घेतले नसते. आमच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि ते मिटवण्याचे काम कोणावर सोपवले आहे हेही कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी शाळेत शिकवते. माझ्या पेशातल्या असंख्य लोकांप्रमाणे मीही २०११च्या जनगणनेचे काम केले आहे. घरयादीच्या वेळी दारोदार जाऊन विचारले: भिंती कशाच्या, छत कशाचे, पाणी कुठून आणता, शौचालय घरात आहे की बाहेर, चूल कशावर पेटते, रेडिओ आहे का, सायकल आहे का. उन्हातान्हातले ते काम, वर लोकांची कुरकुर. पण त्याचे मोल मला तेव्हाच पटले होते. शौचालय नसलेली घरे किती हे कळल्याशिवाय त्यांच्यासाठी पैसा राखून ठेवता येत नाही, आणि राखला तरी तो कोणत्या जिल्ह्यात पाठवायचा ते ठरवता येत नाही. आजारांचेही हेच आहे.

आणि मी क्रोन्सच्या एका रुग्णाची आई आहे.

ज्यांनी या आजारांची नावेही ऐकलेली नाहीत अशा वाचकांसाठी थोडे सांगते. या दोन्हींना मिळून आयबीडी, म्हणजे आतड्यांचे दाहक आजार, म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्यालाच शत्रू समजून बसते आणि आतड्याला सतत सूज आणि व्रण राहतात. कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात होतो. रक्त पडते, आव पडते, आजार भडकला की दिवसातून दहा-पंधरा वेळा धावावे लागते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो, त्यामुळे आतडे अरुंद होऊन अडते किंवा त्याला भगंदर फुटते. नेमके कारण सापडलेले नाही. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, आहार, लहानपणी घेतलेली प्रतिजैविके अशा अनेक गोष्टींचा संबंध असावा असे शास्त्रज्ञ मानतात. आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. तो आटोक्यात राहतो, महिनोन्‌महिने शांत राहतो, पुन्हा उसळतो. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो, म्हणजे परीक्षा, नोकरी, लग्न, बाळंतपण यांच्या वयात. हा संसर्ग नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही, आणि रुग्णाच्या ‘चुकीच्या खाण्यामुळे’ झालेली शिक्षाही नाही.

माझ्या मुलीला तो कॉलेजात असताना झाला. बारीक ताप, पोटात कळा, वजन उतरत चाललेले. दुर्बिणीतून आतड्यात व्रण दिसले आणि आतड्याचा क्षय असे निदान झाले.

इथे डॉक्टरांची बाजू मला आधी मांडली पाहिजे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांच्यात फरक करणे खरोखरच अवघड आहे. दोन्हींची लक्षणे तीच. दोन्हींचे नेहमीचे ठिकाण तेच, म्हणजे लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि मोठ्या आतड्याची सुरुवात. बायॉप्सीतही दोन्हींत पेशींचे पुंजके सापडू शकतात. जिथे क्षय इतका पसरलेला आहे अशा देशात आधी क्षयाची औषधे सुरू करणे योग्यच म्हणावे लागेल, कारण क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर जिवावर बेतू शकते. पण ही औषधे सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरत आहेत का ते पाहावे लागते. भरत नसतील तर निदान बदलायचे असते. हे दुसरे पाऊल सगळीकडे उचलले जात नाही. आमच्याकडे उचलले गेले नाही. क्षयाचा सगळा कोर्स झाला, मुलगी खंगत गेली, आणि आतडे अडून शस्त्रक्रिया करावी लागली तेव्हा क्रोन्स हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले.

क्षयाची रुग्ण म्हणून तिचे नाव ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीत चढले होते. विचारपूस करायला आरोग्य कर्मचारी घरी येऊन गेले, पोषण आहाराचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले. हे मी कृतज्ञतेने लिहिते, कारण ती व्यवस्था काम करते हे मी पाहिले आहे. क्षयाची नोंद २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि त्याचा उपयोग झाला आहे. पण निदान बदलले त्या दिवसापासून सरकारच्या लेखी ती नाहीशी झाली. क्षयाच्या यादीतून पुढे कुठे जायचे, तर तशी दुसरी यादीच नव्हती. जो आजार तिला नव्हता त्याच्या राष्ट्रीय आकडेवारीत माझी मुलगी मोजली गेली. जो आजार घेऊन तिला उरलेले आयुष्य काढायचे आहे, त्याच्या आकडेवारीत ती नाही. अशा आणखी किती मुली, किती मुलगे असतील हे मला कोणी सांगू शकत नाही, आपणही नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार आहे ती आज वापरल्या जाणाऱ्या आकड्यांच्या पायाबद्दल. पंजाबातल्या ज्या पाहणीचा मी वर उल्लेख केला ती २००३ साली प्रसिद्ध झाली. लुधियानाच्या डॉक्टरांनी ती केली, घरोघरी जाऊन, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे, कारण घरोघरी जाणे म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यांनी ५१,९१० लोकांची चौकशी केली, संशयितांना तपासले आणि कोलायटिसचे २३ रुग्ण शोधले. लाखात ४४.३ हे प्रमाण तिथून आले. त्याआधी १९८६ साली हरियाणातल्या पाहणीत लाखात ४२.८ असे जवळपास तेवढेच प्रमाण मिळाले होते. भारतातल्या आयबीडीविषयीच्या कितीतरी लेखांत अजूनही हेच दोन आकडे फिरतात.

जरा हिशेब करून पाहा. ५१,९१० लोकांवरून १२१ कोटींचा अंदाज बांधायचा, तर सापडलेला प्रत्येक रुग्ण २३ हजारांहून अधिक रुग्णांच्या वतीने उभा राहतो. त्या डॉक्टरांना २३ऐवजी १८ रुग्ण सापडले असते, म्हणजे पाच माणसे त्या दिवशी घरी नसती किंवा लाजेने काही बोलली नसती, तर देशाचा आकडा सुमारे एक लाख सतरा हजारांनी खाली आला असता. हा दोष त्या डॉक्टरांचा नाही. त्यांनी आपल्या परीने जेवढे करता येईल तेवढे केले. दोष आहे तो त्यानंतरच्या दोन दशकांचा. केरळात, ईशान्येत, विदर्भात, राजस्थानात प्रमाण तेवढेच असेल असे आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

आणि हे आकडे एकमेकांशी जुळतही नाहीत. लुधियानाचे डॉक्टर वर्षभराने त्याच वस्त्यांत परत गेले तेव्हा त्यांना तीन नवे रुग्ण मिळाले, म्हणजे वर्षाला लाखात सहा. पुढे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात भारतातून हैदराबाद होते. तिथे नव्या रुग्णांचे प्रमाण वर्षाला लाखात ९.३ निघाले आणि त्या अभ्यासातल्या आशियाई ठिकाणांत ते सर्वांत जास्त होते. आजच्या १४० कोटींना लाखात सहा हे कमी प्रमाण लावले तरी वर्षाला ८४ हजार नवे रुग्ण होतात. आजार आयुष्यभराचा आहे, फार थोडे त्यातून दगावतात. मग एकूण रुग्ण पावणेतीन लाखच कसे? तेवढे तर सव्वातीन वर्षांतच भरतील. एक तर नव्या रुग्णांचा आकडा फुगलेला आहे, किंवा एकूण रुग्णांचा आकडा फार तोकडा आहे. शाळेतल्या मुलांनाही दिसेल अशी ही विसंगती आहे, आणि ती सोडवायला अनुमानांचे आणखी एक प्रारूप नको, प्रत्यक्ष मोजणी हवी.

हा आजार मोजायला उशीर करणे अंगाशी येते, ते त्याच्या स्वभावामुळे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे डॉ. गिलाद कपलान यांनी देशोदेशीच्या आयबीडीचे चार टप्पे मांडले आहेत. आधी तुरळक रुग्ण दिसू लागतात. मग नवे रुग्ण झपाट्याने वाढतात. तिसऱ्या टप्प्यात नव्या रुग्णांची वाढ मंदावली तरी एकूण संख्या चढतच राहते, कारण तरुणपणी आजारी पडलेले लोक पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगतात आणि दर वर्षीचे नवे त्यांत मिळत जातात. चौथ्यात कुठे ती स्थिरावते. पाश्चात्त्य देश आज तिसऱ्या टप्प्यात आहेत. आपण दुसऱ्यात आहोत. म्हणजे पुढच्या पिढीतली रुग्णसंख्या आत्ताच, आपल्या डोळ्यांदेखत ठरते आहे. जगातले एकूण रुग्ण १९९०मध्ये ३७ लाख होते, २०१७मध्ये ६८ लाख झाले, हाही अंदाजच. त्यात भारताच्या वाट्याला जे येते ते किती भक्कम पायावर उभे आहे ते मी वर सांगितलेच.

दुसरी तक्रार अशी की आमचा आजार सरकारच्या कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड, हृदयविकार, कर्करोग यांची विचारणा झाली. आयबीडीची नाही. असंसर्गजन्य रोगांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने मूत्रपिंडाचे जुनाट विकार, फुप्फुसांचे विकार, यकृतातली चरबी हे सारे आले, आणि ते यायलाच हवे होते. आम्ही अजून बाहेर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांतही आम्ही नाही. २०२१चे दुर्मीळ आजारांचे धोरण मी मुद्दाम वाचले. त्यात सरकारनेच मान्य केले आहे की देशात आजारांच्या प्रमाणाची पुरेशी माहिती नसल्यामुळे प्रमाणावरून दुर्मीळ आजाराची व्याख्या करता येत नाही. आम्हाला दुर्मीळ म्हणा, असे माझे मागणे नाही. लाखोंचा आजार दुर्मीळ कसला? पण आम्ही नेमके कशात मोडतो, हे सांगायला लागणारी माहितीच गोळा केलेली नाही, हे त्या धोरणाच्या ओळीओळीतून कळते.

एका ठिकाणी मात्र आमची नोंद अगदी काटेकोर झाली होती. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातल्या अपवादांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. आधीपासून असलेल्या ज्या आजारांना विमा कंपनी कायमचे वगळू शकते त्यांची यादी त्यांत दिली होती, आंतरराष्ट्रीय संकेतांकांसह. त्या यादीत आतड्यांचे दाहक आजार होते. म्हणजे या आजाराला संकेतांक आहे, तो सरकारी यंत्रणेला ठाऊक आहे आणि तो वापरताही येतो. वगळण्यासाठी जो संकेतांक चालतो, तो मोजण्यासाठी का चालू नये? ही माझी तिसरी तक्रार आहे, आणि सगळ्यांत जास्त दुखावणारीही हीच.

चौथी तक्रार एका समजुतीबद्दल आहे. हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा, बाहेरचे खाणाऱ्यांचा आजार आहे असे सरसकट बोलले जाते, अगदी डॉक्टरांकडूनही. दक्षिण भारतात पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांची दुर्बिणीने तपासणी झाली आणि त्याचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आयबीडीचे प्रमाण ग्रामीण आणि शहरी रुग्णांत जवळपास सारखेच आढळले. खेड्यात आजार नसतो असे नाही; खेड्यात दुर्बीण नसते. तिथे रक्त पडले की मूळव्याध, जुलाब थांबेनात तर आव, वजन घटले तर क्षय. प्रत्येक वेळी एक औषध मिळते, थोडे बरे वाटते, आणि आतडे आतून खराब होत राहते. ज्याचे निदानच झाले नाही तो रुग्णालयाच्या यादीत कधीच येत नाही. म्हणूनच मोठ्या रुग्णालयांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी कष्टाने ठेवलेल्या नोंदी मोलाच्या असल्या तरी देशाची मोजणी म्हणून त्या पुरणार नाहीत. जे दारापर्यंत पोहोचले त्यांचीच ती यादी असते.

आकडा हाती असला की काय होते, हे इतर देशांत दिसते. जपानने हे दोन्ही आजार १९७०च्या दशकापासून असाध्य आजारांच्या सरकारी योजनेत घेतले. पुढे २०१४ सालासाठी देशव्यापी पाहणी झाली, त्यात कोलायटिसचे सुमारे २ लाख २० हजार आणि क्रोन्सचे सुमारे ७१ हजार रुग्ण निघाले. दक्षिण कोरियात आयबीडीच्या रुग्णाची राष्ट्रीय आरोग्य विम्यात वेगळी नोंद होते आणि नोंद झाली की उपचाराच्या खर्चातला फक्त १० टक्के भाग त्याला भरावा लागतो. म्हणजे मोजणी आणि मदत एकाच अर्जावर. कॅनडाने प्रांतांच्या आरोग्य नोंदींवरून २०२३मध्ये जाहीर केले की तिथे तीन लाखांहून अधिक लोकांना, म्हणजे साधारण १२१ जणांत एकाला, हा आजार आहे आणि २०३५पर्यंत ही संख्या पावणेपाच लाखांच्या घरात जाईल. बारा वर्षे आधी कळले, तर तेवढे तज्ज्ञ घडवायला वेळ मिळतो.

हे श्रीमंत देश आहेत, आपल्याला ते कसे जमणार, असे कोणी म्हणेल. मी बार्शीचे नाव घेईन. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते रुग्णालयात रुग्णाची वाट पाहत बसले नाहीत; गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे सांगितली, संशयितांना तपासणीला आणले. आपल्याच परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे काम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. कर्करोगाविषयी आज आपण जे ठामपणे बोलू शकतो ते या नोंदण्यांमुळे. पद्धत आपल्याकडे आहे, माणसे आहेत, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. ते आमच्यासाठी वापरावे असे अजून ठरलेले नाही, एवढेच.

क्षय, रक्तक्षय, कुपोषण यांच्यापुढे हा आजार लहान आहे, पैसा आधी तिकडे जावा, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. त्यावर माझे म्हणणे असे की तो लहान आहे हेही मोजल्याशिवाय म्हणता येत नाही. आणि क्षयाच्या कार्यक्रमाचाच यात फायदा आहे: ज्यांना क्षय नाही त्यांना सहा-सहा महिने क्षयाची औषधे देण्यातही पैसा जातोच, वर यकृतावर ताण पडतो तो वेगळाच.

दारोदार फिरलेली बाई म्हणून एक अनुभवाची गोष्टही सांगते. ‘तुम्हाला आतड्याचा आजार आहे का’ असे विचारून काही हाती लागणार नाही. शौचातून रक्त पडते हे अनोळखी माणसासमोर, त्यातून पुरुषासमोर, आपल्याकडची बाई बोलणार नाही. लग्नाची मुलगी घरात असेल तर घरचे तिला बोलूही देणार नाहीत. ‘चार आठवड्यांहून जास्त दिवस जुलाब होतात का, रक्त पडते का, रात्री झोपेतून उठावे लागते का’ असे साधे प्रश्न, आशाताईंच्या तोंडून, एकेकटीला विचारावे लागतील. त्यांतून जे संशयित निघतील त्यांची शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी, म्हणजे आतड्यात सूज आहे का ते दाखवणारी तपासणी, करावी, आणि ती जास्त आली तरच दुर्बीण. लाखो लोकांना दुर्बीण घालायची कोणीच मागणी करत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य आणि ईशान्य भारतातले जिल्हे निवडून, ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत, वर सांगितल्याप्रमाणे दोन पायऱ्यांची पाहणी परिषदेने स्वतः करावी. कोलायटिस, क्रोन्स आणि नक्की न ठरलेले रुग्ण वेगवेगळे मोजावेत. लहान मुलांना वगळू नये.

दोन. कर्करोगाच्या धर्तीवर आयबीडीची लोकसंख्याधारित नोंदणी निदान काही ठरावीक भागांत कायमची सुरू करावी, म्हणजे नवे रुग्ण दर वर्षी किती वाढतात ते कळेल. एकदाच केलेल्या पाहणीने हे कळणार नाही.

तीन. आतड्याचा क्षय म्हणून ‘निक्षय’मध्ये नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाची ठरलेल्या मुदतीत दुर्बिणीने फेरतपासणी झाली का, आणि निदान बदलून क्रोन्स झाले का, याची नोंद त्याच प्रणालीत सक्तीने व्हावी. निदान बदललेला रुग्ण आयबीडीच्या नोंदणीत आपोआप जावा. याला नवी यंत्रणा लागत नाही, असलेल्या प्रणालीत दोन रकाने लागतात. सर्व मागण्यांत ही सगळ्यांत आधी पुरी करण्यासारखी आहे.

चार. आयुष्मान भारत योजना, केंद्र सरकारची आरोग्य योजना, राज्य कामगार विमा आणि रेल्वे रुग्णालये यांच्याकडे के-५० (क्रोन्स) आणि के-५१ (कोलायटिस) या संकेतांकांखाली किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, याची माहिती नावे काढून दर वर्षी राज्यवार प्रसिद्ध करावी.

पाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या यापुढच्या फेऱ्यांत दीर्घकाळच्या जुलाबाचा आणि रक्तस्रावाचा प्रश्न घालावा.

सहा. रुग्णाची ओळख गुप्त राहील याची कायदेशीर हमी द्यावी. ही माहिती विमा कंपनीला किंवा नोकरी देणाऱ्याला मिळता कामा नये. ती हमी नसेल तर लोक नाव सांगणार नाहीत आणि सगळी मोजणी पुन्हा खोटी ठरेल.

सात. हे काम ज्या समितीकडे द्याल तिच्यात रुग्ण आणि त्यांचे घरचे लोक असावेत.

या सगळ्याला वेळ लागेल हे मला समजते. पण पाहणी करणार की नाही, आणि करणार असाल तर कोण आणि कधीपर्यंत, हे सांगायला फार वेळ लागू नये. दर वर्षी १९ मे हा दिवस जगभर आयबीडी दिन म्हणून पाळला जातो. येत्या १९ मेच्या आत या सात मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, ते कारणांसह आपण जाहीर करावे. उत्तर मला एकटीला पाठवू नये. मंत्रालयाच्या किंवा परिषदेच्या संकेतस्थळावर ठेवावे, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

आपली,
एक शिक्षिका आणि क्रोन्सच्या रुग्णाची आई